ब्रेड मशीन घ्यायचं? आधी पिठाचा डबा उघडा!

रविवारी रात्री हडपसरला उतरणाऱ्या पब्लिकचं सामान कधी बघितलंय? खांद्यावर लॅपटॉपची सॅक आणि हातात गच्च गाठ मारलेली एक पिशवी. बारामतीहून नाहीतर इंदापूरहून आलेली. आत शेंगदाण्याची चटणी, तुपाची बरणी आणि चार-पाच किलो गव्हाचं पीठ! घरचा गहू, गावातल्या गिरणीत दळलेला. विकतचं पीठ खायचं नाही, ही आईची सक्त ताकीद पिशवीबरोबर फुकट.

त्या पिठाचं पुढे काय होतं, ते आईला न सांगितलेलंच बरं. सोमवार-मंगळवार उत्साहात चपात्या होतात. बुधवारी ऑफिसातून यायला नऊ वाजतात. गुरुवारपासून नाक्यावरचा ब्रेड, बटर, फार तर ऑम्लेट. शनिवारी पिठाच्या डब्यावर धूळ आणि फ्रीजवर ब्रेडच्या अर्ध्या खाल्लेल्या दोन पिशव्या! तिकडे बारामती एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या जोडप्यांचं चित्रही वेगळं नाही. दोघंही नोकरीत, दोघांचेही डबे, आणि पहाटे पाचला कणीक कोणी मळायची यावरून रोजची धुसफूस.

अशाच एखाद्या रात्री मोबाइलवर ते दिसतं. बादलीएवढं चकचकीत खोकं. रात्री पीठ, पाणी, यीस्ट टाकून बटण दाबा. सकाळी घरभर बेकरीचा वास! किंमत सात-आठ हजारांपासून पुढे, मोठी नावं घेतलीत तर आणखी वर. ईएमआयही आहेच. बोट ‘बाय नाऊ’च्या जवळ जातं... थांबा. जरा बोलू या.

हाताची चोरी

या खोक्याच्या आत तसं फार काही नसतं. एक उभट भांडं, त्याच्या तळाशी फिरणारं पातं, भोवती हीटर आणि वेळेचा हिशेब ठेवणारी छोटी चिप. मळणं, फुगवणं, पुन्हा जरासं मळणं, पुन्हा फुगवणं आणि भाजणं, सगळं एकाच भांड्यात.

पण ते मळणं यंत्राला शिकवताना जपानी इंजिनिअरांच्या नाकीनऊ आले होते. १९८५च्या सुमारास ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, घरगुती ब्रेड मशीनवर काम चालू होतं. ब्रेड वरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि बेकरीवाल्याने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून झाले, तरी कोडं सुटेना. मग इकुको तानाका नावाची सॉफ्टवेअर डेव्हलपर उठली आणि सरळ ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारीला गेली. तिथला ब्रेड शहरात नावाजलेला. तिच्या लक्षात आलं, की हा माणूस पीठ नुसतं तिंबत नाही; ताणताना त्याला एक पीळ देतो! तो पीळ यंत्रात आणण्यासाठी भांड्याच्या आतल्या बाजूला खास कडा बसवल्या गेल्या. १९८७ साली मशीन बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षी त्याने स्वयंपाकघरातल्या नव्या उपकरणांच्या विक्रीचा विक्रम केला. मॅनेजमेंटच्या वर्गात ही गोष्ट आजही सांगितली जाते. एमबीए केलेल्यांनी ऐकलीही असेल.

आपल्या कामाचा मुद्दा त्यातच दडलाय. यंत्राने हात उचलला तो ब्रेडवाल्याचा. चपातीवाल्या आजीचा नव्हे! त्या हाताखाली येणारं पीठ पांढरं, ताणलं तरी न तुटणारं. आणि आपल्या पिशवीत आहे गिरणीतलं, कोंड्यासकट पीठ.

लोकवन बिचारा काय करेल?

ब्रेड फुगतो तो ग्लुटेनमुळे, हे आता बहुतेकांना माहीत असतं. गव्हातलं प्रथिन पाण्यात भिजून मळलं गेलं, की त्याची रबरासारखी जाळी तयार होते. यीस्टने सोडलेला वायू या जाळीत अडकतो आणि गोळा वर येतो. जाळी दमदार तर ब्रेड उंच, जाळी फाटकी तर वीट.

आता आपला गहू बघा. आपल्याकडे गव्हाचे तीन प्रकार पिकतात, सरबती, बन्सी आणि खपली. बन्सी म्हणजे रवा-शेवयांचा कडक गहू. खपली म्हणजे खिरीचा, आणि हल्ली डाएटवाल्यांचा लाडका. या दोन्हींत प्रथिनं असतात, पण त्यांचं ग्लुटेन ब्रेडसाठी हवं तसं ताणलं जात नाही. दुकानात महागडं खपलीचं पीठ घेऊन कोणी मशीनमध्ये ओतलं तर पौष्टिक पाटा मिळेल, ब्रेड नाही. उरला सरबती. चपातीचा नेहमीचा लोकवन याच जातकुळीतला. गंमत म्हणजे लोकवन हा मुळात ‘लोक-१’! गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेला वाण. आपण त्याचं बोलता बोलता लोकवन करून टाकलं. शास्त्रज्ञ या जातीच्या गव्हाला ‘ब्रेडचा गहू’ म्हणतात. आपण त्याच्या चपात्या करतो, एवढाच फरक.

आणि हो, गव्हाच्या बाबतीत बारामतीकरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रक्षेत्र बारामती तालुक्यातल्या होळ इथे आहे. ‘एमएसीएस’ ही अक्षरं लागलेले गव्हाचे वाण या संस्थेचे. संस्थेचं जुनं नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, त्याच्याच इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. त्यातला एमएसीएस ६४७८ हा सरबती, ११० दिवसांत येणारा आणि १४ टक्के प्रथिनं असलेला. खपलीतही त्यांचा एमएसीएस २९७१ आहे. म्हणजे नीरेच्या खोऱ्यात ब्रेडलायक गहू पिकत नाही, असं म्हणायची सोय नाही.

मग अडतं कुठे? गिरणीत! दगडी जात्याच्या घर्षणात पीठ तापतं, त्यातल्या स्टार्चचे कण फुटतात आणि असं पीठ पाणी जास्त पितं. चपातीला हे वरदान, म्हणून तर ती मऊ राहते. ब्रेडला मात्र त्रास. त्यात कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी कातरत जातात. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं पाण्याचं माप बहुतेक वेळा परदेशी पिठाचं असतं. तेच माप लोकवनच्या पिठाला लावलं तर पातं घरघरतं, गोळा भांड्याच्या एका कोपऱ्यात रुसून बसतो आणि तीन तासांनी बाहेर येतं ते डोक्यात मारायच्या लायकीचं.

उपाय आहेत. गिरणीचं पीठ चाळणीतून काढायचं आणि सुरुवातीला निम्मं पीठ, निम्मा मैदा घ्यायचा. पाणी हळूहळू वाढवायचं. पूर्ण गव्हाचाच ब्रेड हवा असेल, तर ऑनलाइन किंवा बेकरीच्या सामानाच्या दुकानात ग्लुटेनची पावडर मिळते, ती दोन-तीन चमचे घालायची. पण हे सगळं स्वतःच्या पिठावर स्वतःच जमवावं लागतं. वहीत मापं लिहून ठेवणारा माणूस असेल त्याला मजा येते. बटण दाबून झोपणाऱ्याचा मात्र मुखभंग ठरलेला!

आता खिशाचं बोला

पैसे वाचतात का? मशीनच्या जाहिराती वाचल्या तर वाटतं, की सहा महिन्यांत बंगला होईल. जरा कागद-पेन्सिल घेऊ.

साधारण अर्ध्या किलोच्या ब्रेडला ३०० ग्रॅम पीठ, ३ ग्रॅम यीस्ट, चमचाभर तेल, थोडी साखर, मीठ, दुधाची पावडर. मशीनचा हीटर पाचशे-सहाशे वॉटचा, तोही शेवटचा तासभरच जोरात चालतो. त्यामुळे वीज अर्ध्या युनिटाच्या आत. पीठ विकतचं धरलं तरी सगळं मिळून पंचवीस-तीस रुपयांत बसतं. नाक्यावरच्या गव्हाच्या ब्रेडशी तुलना केली, तर एका ब्रेडमागे वीसेक रुपये वाचले असं धरा. मशीन ९ हजारांचं. म्हणजे ४५० ब्रेड झाले, की पैसे वसूल! आठवड्याला दोन केले तरी सव्वाचार वर्षांहून जास्त. तोवर भांड्याचा नॉनस्टिक थर गेलेला असतो, पात्याखालचं सील झिजलेलं असतं आणि त्या मॉडेलचं उत्पादन कंपनीने बंद केलेलं असण्याचीही दाट शक्यता.

पण तुम्ही कोरेगाव पार्क छापाच्या दुकानातून दीड-दोनशे रुपयांचा मल्टिग्रेन लोफ आणणारे असाल, तर गणित उलटतं. एका ब्रेडमागे १२० रुपये वाचले, तर ७५ ब्रेडमध्येच म्हणजे नऊ-दहा महिन्यांत मशीन फुकट पडलं. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा, आपण आज कुठला ब्रेड खातो? नाक्यावरचा लादीपावच आवडत असेल, तर इथेच थांबा. बारामतीत काय नि इंदापुरात काय, तालुक्याच्या गावच्या बेकरीतून सकाळी येणारा पाव, खारी, टोस्ट आणि चहात बुडवायचं बटर, यांतलं एकही या मशीनमधून निघत नाही. मशीनमध्ये होते ती फक्त एक चौकोनी वडी, बुडाला पात्याचं भोक पडलेली. पाव हवा असेल तर पीठ मशीनमध्ये मळून घ्यायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. म्हणजे ओव्हन आलाच!

भाकरी तर विसराच. ज्वारीत ग्लुटेन नाही, तिची उकड वेगळी, थापणं वेगळं. भिगवणच्या माशांच्या रश्श्यात कुस्करायला मशीनचा ब्रेड घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शुद्ध, सात्त्विक वगैरे

काही जण पैशांसाठी नाही, भीतीपोटी मशीन घेतात. तीही अगदीच हवेतली नव्हती. मे २०१६मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले. त्यातल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचा अंश सापडला. देशभर बोंब झाली आणि पुढच्याच महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, परवानगी असलेल्या पदार्थांच्या यादीतून ब्रोमेट काढून टाकलं. आज पाकिटावर बहुतेक वेळा दिसतं ते कॅल्शियम प्रोपिओनेट. ते बुरशी लांबवण्यासाठी, आणि त्याला परवानगी आहे.

घरच्या ब्रेडमध्ये यातलं काहीच नसतं, हे खरं. पण म्हणूनच पावसाळ्यात तो दोन-तीन दिवसांत बुरसटतो. कापून, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकायची शिस्त लागते. आणि घरी केलेला मैद्याचा ब्रेड हा शेवटी मैद्याचाच ब्रेड. मशीनला देवघरात ठेवलं तरी त्याचं पीठ बदलत नाही! ज्याच्या घरी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, किंवा कोणाला दूध चालत नाही, त्यांची गोष्ट मात्र वेगळी. आत काय जातं हे तुमच्या हातात असणं, ही तिथे चैन नाही. अशा घरासाठी मी पैशांचा हिशेब मांडणार नाही. (मीठ पूर्ण वगळलं तर यीस्ट बेफाम सुटतं आणि ब्रेड मध्येच खचतो. तेव्हा यीस्टही कमी करायचं.)

रात्री टाका, सकाळी खा?

टायमर हा मशीनचा हुकमी एक्का. पण बारामती-इंदापूरकडचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रात्रीही स्वयंपाकघर तापलेलंच असतं. भिजून पडलेल्या पिठात यीस्ट वेळेच्या आधीच उड्या मारतं, आणि सकाळी झाकणाला चिकटलेला, मग खाली बसलेला ब्रेड मिळतो. उन्हाळ्यात फ्रीजचं पाणी आणि नेहमीपेक्षा कमी यीस्ट वापरावं. टायमर लावायचा असेल तर ओलं दूध, अंडं घालू नये. दुधाची पावडर घालावी. यीस्ट पिठाच्या वर, कोरडं राहील असं ठेवावं.

दुसरी भानगड विजेची. गव्हाच्या ब्रेडची सायकल साडेतीन-चार तास चालते. मध्येच वीज गेली तर काही मशीन दहा-पंधरा मिनिटं लक्षात ठेवतात, काही ताबडतोब स्मृतिभ्रंश झाल्यासारखी पहिल्यापासून सुरू होतात. इन्व्हर्टरवर ते चालेल का, हे इन्व्हर्टरवाल्याला विचारल्याशिवाय करून बघू नका. शहरातल्या सोसायटीत जनरेटर असतो, वाडी-वस्तीवर ती सोय नसते. त्यामुळे दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नाही, वीज गेल्यावर किती मिनिटं तग धरतं याचा.

आणि आवाज! पहाटे सहाला ब्रेड हवा, तर मशीन अडीच-तीनला मळायला लागणार. वन-बीएचकेमध्ये तो घुर्र-धप्प-घुर्र रूममेटच्या उशाशी वाजतो. मैत्री टिकवायची असेल तर मशीन ओट्यावर, किचनचं दार बंद.

मळणारे हात

आता खरी गोष्ट. आपल्याकडे ही मशीन ब्रेडसाठी कमी आणि कणकेसाठी जास्त घेतली जातात. ‘आटा अँड ब्रेड मेकर’ या नावातच आटा आधी येतो! मे २०२०मध्ये केंटने याच मशीनची एक जाहिरात केली होती. घरकामाच्या बाईचे हात संसर्गित असू शकतात, तेव्हा कणीक तिला मळू देता का, असा तिचा सूर. लोक खवळले. कंपनीने जाहिरात मागे घेऊन माफी मागितली. ब्रँडचा चेहरा असलेल्या हेमामालिनी यांनीही हे आपले विचार नाहीत, असं जाहीर केलं. बरंच झालं. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न राहूनच गेला. बाईचे नाहीत तर मग कोणाचे हात मळणार? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, आणि ते घड्याळात पाचचा गजर लावून झोपलेलं असतं.

रोज पंधरा-वीस चपात्यांची कणीक तिंबून पन्नाशीत मनगट धरलेली आई घरात असेल, तर आठ-नऊ हजारांकडे ब्रेडच्या भावात बघू नका. फक्त एवढंच तपासा, की त्यासाठी हेच यंत्र हवंय का? निव्वळ कणकेसाठी फूड प्रोसेसरचं मळायचं भांडं दोन-तीन मिनिटांत काम करतं. ब्रेड मशीनला जास्त वेळ लागतो आणि एका वेळी मावणारं पीठही बेताचंच. घरात आधीच फूड प्रोसेसर असेल आणि त्याचं ते भांडं माळ्यावर पडलं असेल, तर आधी ते खाली काढा. आणि हो, एखाद्या सकाळी मुलाने किंवा नवऱ्याने बाह्या वर केल्या तर त्याला ईएमआयसुद्धा पडत नाही.

मग घ्यायचं कोणी?

माझं स्पष्ट मत सांगते. आठवड्यातून किमान तीनदा ब्रेड खाणारं, एका जागी स्थिरावलेलं, प्रयोगाची आवड असलेलं घर असेल, तर घ्या, खुशाल घ्या. पथ्याचा ब्रेड लागणाऱ्यांनी तर घ्याच. दर अकरा महिन्यांनी फ्लॅट बदलणाऱ्या बॅचलर मंडळींनी, शनिवार-रविवार गावी जाणाऱ्यांनी आणि पैसे वाचतील म्हणून घेणाऱ्यांनी नाद सोडा.

तरी मन मानत नसेल तर एक स्वस्त परीक्षा आहे. सलग चार रविवार घरच्या पिठाचा ब्रेड हाताने करून बघा. निम्मा मैदा, निम्मं चाळलेलं लोकवन, दहा-बारा मिनिटं चांगलं मळणं, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवणं, मग साच्यात घालून पुन्हा फुगवणं. ओव्हन नसेल तर केक करतो तसा जाड बुडाच्या पातेल्यात वाळू किंवा मीठ तापवून भाजा. वरून रंग कमी येईल, पण चव कळेल. चौथ्या रविवारीही घरात कोणी तो आवडीने खात असेल आणि तुम्हाला फक्त मळायचाच कंटाळा येत असेल, तर मशीन तुमच्यासाठीच आहे. दुसऱ्याच रविवारी मिसळीवर गाडी आली, तर नऊ हजार वाचले!

घ्यायचं ठरलंच, तर नव्याआधी जुनं शोधा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी बेकिंगचं वारं शिरलं होतं. तेव्हा हौसेने घेतलेली आणि मोजून चार वेळा वापरलेली यंत्रं आजही कुणाकुणाच्या माळ्यावर आहेत. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बघा. घेताना भांड्याचा आतला थर खरवडलेला नाही ना, पातं सहज निघतं ना आणि तळातून पाणी झिरपत नाही ना, एवढं बघायचं. पातं आणि भांडं सुटं मिळतं का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हेही विचारा. इंदापूरहून पुणं सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे; बिघडलेलं खोकं मांडीवर घेऊन एसटीने जायची हौस कोणाला असते?

पहिला ब्रेड लावाल तेव्हा मळण सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून गोळ्याला बोट लावा. कानाच्या पाळीइतका मऊ लागला पाहिजे. घट्ट असेल तर चमचा-चमचा पाणी, चिकट असेल तर चिमूटभर पीठ. जमलेलं माप डब्याच्या झाकणावरच चिकटवून ठेवा. पुढच्या खेपेला आईने दिलेला गहू वेगळ्या शेतातला असेल, तर ते पुन्हा बदलावं लागेल.